कमी खर्चाची यात्रा आणि तिचा भार

खिशात पैसा नसताना किंवा जेमतेम असताना माणसाने दूरच्या यात्रेला निघावे का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. अनवाणी चालत, मिळेल ते खाऊन, देवळाच्या ओसरीवर झोपून केलेली यात्रा बहुतेक परंपरांनी वाखाणली आहे. पण यात्रेकरूने वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही. तो वाटेवरच्या कोणाच्या तरी चुलीवर जाऊन पडतो. मग अशा यात्रेचे पुण्य चालणाऱ्याचे की जेवू घालणाऱ्याचे? आणि जेवून पुढे गेलेल्यावर त्या जेवणाचे काही देणे उरते का?

कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुण्याहून बंगळुरूकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या कागलमध्ये हा प्रश्न रस्त्यावर उभे राहिले तरी दिसतो. अंबाबाईला आणि जोतिबाला येणारे सीमेपलीकडचे भाविक, सौंदत्तीच्या यल्लमाला निघालेले लोक, पायी विहार करणारे जैन मुनी, आदमापूरच्या बाळूमामांची बकरी, हे सगळे याच मुलखातून जातात. गावाचे ग्रामदैवत गैबी पीर. त्यालाच गहिनीनाथ असेही म्हणतात, आणि त्याच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही असतात. रिकाम्या हाताने निघालेल्या प्रवाशाविषयी ब्राह्मणी शास्त्र, नाथपंथ, इस्लाम आणि जैन धर्म काय म्हणतात, याची उत्तरे या एका परिसरात शेजारी शेजारी नांदताना सापडतात.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना पहिला मुद्दा खर्चाचाच येतो. पुलस्त्य ऋषी भीष्माला सांगतात, आणि नारद तेच युधिष्ठिराला ऐकवतात, की यज्ञाला पुष्कळ सामग्री लागते, तो राजांना आणि धनवंतांना जमतो. ज्याच्याजवळ पैसा नाही, माणूसबळ नाही, त्याने तीर्थाला जावे, त्याचे फळ यज्ञाहूनही अधिक आहे. ऐकणारा युधिष्ठिर तेव्हा द्यूतात राज्य हरून वनात आलेला होता, हे लक्षात घेतले की या उपदेशाचे वजन कळते. त्याच पर्वात पुढे लोमश ऋषी त्याला निघण्यापूर्वीची सूचना देतात: लवाजमा कमी कर, हलका झालास की मोकळेपणाने फिरशील. युधिष्ठिर ती लगेच अमलात आणतो. ज्यांना भूक, तहान आणि वाटेचा शीण सोसत नाही, ज्यांना गोडधोड हवे, जे आचाऱ्याच्या मागे मागे चालतात, त्या सगळ्यांना तो परत पाठवतो आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय धृतराष्ट्राकडे होईल असे सांगतो. प्रवासाला सोबती कसे निवडावेत याबद्दल इतका नेमका सल्ला नंतरच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. तो अमलात आणणाऱ्याने भुकेची गोष्ट आधी काढली, हे विशेष.

पुराणांनी आणि त्यांवर आधारलेल्या निबंधग्रंथांनी या विचाराचा चक्क हिशेब मांडला. वाहनातून गेलात तर यात्रेचे अर्धे फळ जाते. छत्री आणि पादत्राणे वापरली तर त्याच्या निम्मे. वाटेत व्यापार केलात तर चार भागांतले तीन. आणि दान घेतलेत, म्हणजे प्रतिग्रह केलात, तर सगळेच. दुसऱ्याच्या वतीने, त्याच्याकडून पैसे घेऊन जाणाऱ्याला सोळावा हिस्सा मिळतो. दुसऱ्याच कामासाठी गेलेला आणि जाता जाता तीर्थ उरकणारा अर्ध्या फळाचा धनी होतो. प्रयागाच्या माहात्म्यात मत्स्यपुराण तर म्हणते, की ऐश्वर्याच्या, लोभाच्या किंवा मोहाच्या पायी वाहनात बसून गेलेल्याची यात्रा निष्फळ ठरते. पैठणहून काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ लिहून प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेचे नियम एकत्र केले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात या साऱ्या परंपरेचा विस्ताराने धांडोळा घेतला आहे.

या हिशेबातला चढता क्रम नीट पाहण्याजोगा आहे. वाहनाचा दोष पादत्राणांहून मोठा, हे कोणालाही पटेल. पण सर्वांत मोठा दोष सुखाचा नाही, घेण्याचा आहे. बैलगाडीत बसून गेलेला निम्मे पुण्य तरी घरी आणतो. पायी, अनवाणी, उन्हात गेलेला, पण वाटभर दान उकळत गेलेला काहीच आणत नाही. वनपर्वातही तीर्थाचे फळ कोणाला मिळते हे सांगताना जो प्रतिग्रहापासून परतला आहे आणि मिळेल त्यात संतुष्ट आहे, असा माणूस सांगितला आहे. म्हणजे शास्त्राला कमी खर्चाची यात्रा मान्य होती ती एका अटीवर: खर्च कमी व्हावा तो गरजा कमी झाल्यामुळे, दुसऱ्याने भरल्यामुळे नव्हे. या सगळ्या चर्चेतला हा सर्वांत खरा मुद्दा आहे, आणि पुढच्या परंपरांना एक तर तो पाळावा लागला किंवा त्याला उत्तर शोधावे लागले.

प्रत्यक्षात ही अट किती अवघड होती हे विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासावरून दिसते. रायगड जिल्ह्यातील वरसईचे हे भिक्षुक घरावरच्या कर्जाने गांजले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे भरपूर दक्षिणा मिळेल, असे कळल्यावर ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी आत राहून पाहिला, मिळवलेले गमावले, लुटले गेले, आणि तरीही परत येताना गंगेची कावड खांद्यावरून गावी आणली. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापले गेले. शास्त्राच्या कोष्टकाप्रमाणे पाहिले तर दक्षिणेसाठी निघालेल्या या यात्रेचे फळ शून्य भरते. पण म्हाताऱ्या आईवडिलांना गंगास्नान घडावे म्हणून शेकडो कोस वाहून आणलेले ते पाणी कोणत्या रकान्यात बसवायचे, याला कोष्टकाजवळ उत्तर नाही. गरिबाच्या यात्रेत पोट आणि पुण्य एकाच वाटेने चालतात. त्यांना वेगळे काढण्याचा आग्रह पोट भरलेल्यालाच परवडतो.

नाथपंथाने हा पेच वेगळ्या बाजूने सोडवला. १८१९ मध्ये पूर्ण झालेल्या मालूकवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ ग्रंथातली मच्छिंद्रनाथांची कथा घरोघर माहीत आहे. स्त्रीराज्यातून गोरक्षनाथ गुरूंना सोडवून आणतात, तेव्हा मच्छिंद्रांच्या झोळीत सोन्याची वीट असते. वाटेत ते पुन्हा पुन्हा विचारतात, पुढे चोरांचे भय तर नाही ना? निर्भय गुरूंच्या तोंडी हा प्रश्न कसा, म्हणून गोरक्ष झोळी चाचपतात, वीट फेकून देतात आणि तिच्या जागी दगड ठेवतात. मग गुरूंनी विचारले की सांगतात, भय मागेच राहिले. झोळी उघडल्यावर मच्छिंद्रांनी केलेला आकांत, शिष्याने अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवणे आणि हवे तेवढे न्या म्हणणे, हा भाग ऐकताना श्रोते हसतात, आणि हसावे म्हणूनच तो तसा रचला आहे. मात्र त्यातला विचार गंभीर आहे. वाटेचे भय वाटेत नसते, सामानात असते. पैसा नसलेल्या प्रवाशाला तो नसल्याचे दुःख होते. पण तो असलेल्याचा बराचसा प्रवास तो सांभाळण्यातच जातो, आणि आजूबाजूचा प्रत्येक माणूस त्याला आधी चोर वाटतो.

सोने टाकल्यावर खायचे काय, याला नाथांचे उत्तर भिक्षा हे होते. गोरक्षांचे शिष्य गहिनीनाथ, आणि त्यांनी अनुग्रह दिलेले निवृत्तीनाथ, या परंपरेतूनच वारकरी विचार पुढे आला. कागलच्या गैबी पिराचे नाव त्या साखळीशी जोडले जाते ते असे. भिक्षा आणि प्रतिग्रह यांत परंपरेने स्पष्ट फरक केला. प्रतिग्रहात एक दाता मोठे दान देतो आणि घेणारा त्याचा मिंधा होतो. माधुकरीत मधमाशी जशी फूल न दुखवता थोडा थोडा मध घेते तसे अनेक घरांतून घास घास गोळा होतो. कोणावर भार पडत नाही आणि कोणाची मालकीही चालत नाही. उद्यासाठी साठवायचे नाही, तयार अन्नच घ्यायचे, मिळाले नाही तर रागवायचे नाही, हे नियम त्यातूनच आले. रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर स्वतंत्र समास लिहिला. भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर माणसे पारखता येतात, हा त्यांचा मुद्दा खास व्यवहारी आहे: दारात उभ्या राहिलेल्या माणसाला घर जसे कळते तसे पाहुण्याला कळत नाही.

कोल्हापूरला या विचारात मानाचे स्थान आहे. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, दुपारची भिक्षा करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, मागतात आणि निद्रेला माहूरला जातात, अशी श्रद्धा आहे. साक्षात देवाने रोज दुपारी दारोदार उभे राहावे, या कल्पनेने मागणाऱ्याचा दर्जाच बदलून गेला. दारातला माणूस कोण असेल याची खात्री उरली नाही. याच जिल्ह्यातली गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली कथा तर थेट दुसऱ्याच्या चुलीच्या प्रश्नाला हात घालते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापुरात एक दरिद्री ब्राह्मण राहत होता. नृसिंहसरस्वती त्याच्याकडे भिक्षेला आले. घरात धान्य नव्हते. अंगणात घेवड्याचा वेल होता, त्याच्या शेंगांची भाजी करून त्याने वाढली. स्वामी जेवले, तृप्त झाले, आणि जाताना तो वेलच मुळापासून तोडून टाकला. ब्राह्मणाच्या बायकोने आकांत केला. नवऱ्याने तिची समजूत घातली, उरलेले मूळ काढण्यासाठी खणू लागला, आणि खाली द्रव्याने भरलेला घडा सापडला.

घड्यावर कथा संपत असली तरी तिचे बळ त्याआधीच्या क्षणात आहे. पाहुणा जेवला आणि यजमानाचे उद्याचे अन्नही घेऊन गेला, असा तो क्षण आहे; चमत्कार वगळला तर फुकट प्रवासाचे इतके परखड चित्र मराठीत दुसरे नसेल. स्वामींना वेलाखालचे दिसत होते. सामान्य प्रवाशाला ते दिसत नाही, आणि म्हणून वेल तोडण्याचा अधिकारही त्याला नाही. गरिबाघरी मिळालेले जेवण नाकारणे हा त्याचा अपमान, आणि पोटभर खाणे हा त्याच्या मुलांच्या ताटावरचा घाला. या दोहोंमधली वाट काढणे हे गरीब मुलखातून फिरणाऱ्या प्रत्येकाच्या विवेकाचे काम आहे.

इस्लामने हाच विषय अधिक काटेकोरपणे बांधला. हजची सक्ती कुराणाने फक्त ऐपत असलेल्यावर ठेवली, आणि ऐपत म्हणजे वाटेची शिदोरी, वाहन आणि मागे राहिलेल्यांच्या पोटाची सोय, असा अर्थ शास्त्रकारांनी केला. हदीसच्या संग्रहात इब्न अब्बास सांगतात, की यमनमधले काही लोक शिदोरी न घेता हजला निघत, आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवणारे आहोत असे म्हणत, आणि मक्केत पोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यांच्यासंबंधात शिदोरी घ्या, उत्तम शिदोरी म्हणजे ईशभय, असा आदेश आला. देवावरचा भरवसा आणि शेजाऱ्याच्या भाकरीवरचा भरवसा यांत फरक आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा प्रसंग विरळा. त्याच वेळी जकातीचे धन कोणाला द्यावे या यादीत कुराणाने वाटसरूला हक्काची जागा दिली. तो आपल्या घरी सधन असला तरी वाटेत अडला असेल तर त्याला द्यायचे. एका हाताने प्रवाशाला तयारीनिशी निघ म्हटले आणि दुसऱ्या हाताने समाजाला त्याची जबाबदारी घ्यायला लावली. दोन्ही बाजूंना बंधन घालणारी ही मांडणी शास्त्राच्या एकतर्फी कोष्टकापेक्षा सरस आहे, असे म्हणावे लागते.

आफ्रिकेच्या यात्रेकरूंनी या नियमाची दोन्ही टोके दाखवली. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये इतके सोने घेऊन कैरोतून हजला गेला, की तिथल्या बाजारात सोन्याचा भाव पडला. दानधर्मात आणि खरेदीत ते सारे संपले आणि परतताना त्याला कैरोच्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढावे लागले. दुसऱ्या टोकाला पश्चिम आफ्रिकेतले हजारो साधे मुसलमान चाड आणि सुदानमार्गे चालत तांबड्या समुद्राकडे गेले. वाटेत ते शेतावर मजुरी करत, थोडे साठवत, पुढे सरकत. विसाव्या शतकात सुदानच्या गेझिरा प्रकल्पातल्या कापसाच्या शेतांवर त्यांच्या वस्त्याच झाल्या. काहींना पोचायला वर्षे लागली, काहींची मुले वाटेत जन्मली, आणि काही तिथेच स्थायिक झाले. त्यांची यात्रा स्वस्त होती, पण फुकट नव्हती. प्रत्येक मुक्कामाचे मोल त्यांनी हाताने चुकते केले.

इब्न बतूता हा या दोन टोकांच्या मधला माणूस. तो १३२५ मध्ये तांजिरहून निघाला, पुढे दिल्लीला आला, दौलताबादही पाहून गेला, आणि १३५२ मध्ये सहारा ओलांडून मालीला पोचला. त्याने त्या वाटेची जी माहिती दिली आहे ती आजही कोणत्याही प्रवाशाला उपयोगी पडावी अशी आहे: शिदोरी नको, सोने नको, रुपे नको, मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडे सुगंधी जिन्नस घ्या, गावात शिरलात की बायका दूध, कोंबड्या, तांदूळ घेऊन येतील, त्यांच्याशी बदला. वाट इतकी निर्भय, की सोबतीचीही गरज नाही. पुढे राजा सुलेमानने पाहुणचार पाठवल्याचे कळले तेव्हा तो वस्त्रे आणि धनाच्या अपेक्षेने उठून उभा राहिला. आल्या त्या तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्याच्या भांड्यात दही. तो हसत सुटला, आणि नंतर राजाकडे तक्रार करून घर व खर्चाची नेमणूक मिळवली. गावातल्या बाईला मीठ देऊन कोंबडी घेणारा आणि राजापुढे हात पसरून रुसणारा, एकाच माणसात दोघे प्रवासी होते. पहिला समाधानी आहे आणि दुसरा नाही, हे त्याच्याच लिखाणात दिसते.

जैन मुनिधर्माने या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर दिले, आणि ते कागलच्या शेजारीच जगून दाखवले गेले. दूधगंगा आणि वेदगंगेच्या संगमावरील भोज गावच्या घराण्यात १८७२ साली जन्मलेले आचार्य शांतिसागर यांनी विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवे बळ दिले. दक्षिणेतून सम्मेदशिखरजीपर्यंत आणि उत्तर भारतभर त्यांनी पायी विहार केला. १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखनेने त्यांनी देह ठेवला. दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिंछी आणि पाण्याचा कमंडलू एवढेच असते. वाहन नाही, वस्त्र नाही, भांडे नाही, पैशाला स्पर्श नाही. दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत आहार. त्यातही मनात धरलेला विधी जुळला नाही किंवा मध्येच अंतराय आला तर त्या दिवशी उपवास. मुनी मागत नाहीत. श्रावक पडगाहन करून आदराने बोलावतो, तेव्हाच जातात.

इथे खर्च शक्य तेवढा शून्याजवळ आणला आहे. तरीही शुद्ध आहार मिळावा म्हणून संघाबरोबर श्रावकांचा चौका चालतो, पुढच्या मुक्कामाची सोय कोणीतरी पाहतो, आणि मुनींसाठी म्हणून मुद्दाम केलेले अन्न त्यांना चालत नाही, हा नियम पाळण्यासाठी श्रावकालाच विवेक बाळगावा लागतो. स्वतःजवळ काहीच न ठेवणारा माणूस समाजावर सर्वाधिक अवलंबून राहतो. जैन परंपरेने ही गोष्ट लपवली नाही. मुनी आणि श्रावक ही एकाच धर्माची दोन अंगे मानून तिला रीतसर जागा दिली. आहार देणाऱ्याचेही त्यात पुण्य आहे, म्हणून तो ओझे समजत नाही.

गाडगे महाराजांनी भिक्षेला श्रमाची जोड दिली. गावात शिरल्यावर ते आधी खराटा हाती घेत, रस्ता झाडत, कोणाची लाकडे फोडत, आणि मग गाडग्यात मिळेल ती चटणी-भाकरी खात. पंढरपूर, आळंदी, नाशिक या ठिकाणी त्यांनी लोकवर्गणीतून यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. कर्ज काढून तीर्थ करू नका, देव दगडात शोधू नका, असे ते कीर्तनात पोटतिडकीने सांगत. यात्रा स्वस्त व्हावी म्हणून आयुष्य वेचणाऱ्या माणसाने यात्रेलाच नको म्हणावे, यात विसंगती नाही. गरिबाला बाहेर पडायचे असेल तर त्याच्या डोक्यावर छप्पर असावे, आणि घरी उपास पाडून त्याने बाहेर पडू नये, अशी त्यामागे माणसाची एकच काळजी होती.

आतापर्यंतच्या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरली आहे: रिकाम्या हाताने आलेल्यापुढे दार उघडते. ते कोणापुढे उघडत नव्हते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. १९०१ च्या सुमारास ते, त्यांचे भाऊ आणि भाचे, अशी मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाली. अंगावर नवे कपडे होते, जवळ पैसे होते, डब्यात जेवण होते. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. डबा उघडला पण पाणी मिळाले नाही. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरीही पाणी मिळाले नाही, आणि अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली.

पैशाविना होणाऱ्या यात्रेची जी थोरवी शतकानुशतके गायली गेली, तिच्यापुढे हा प्रसंग ठेवावाच लागतो. दत्तांच्या झोळीत घास पडत होता त्याच काळात याच मुलखातल्या माणसाला पैसे देऊनही पाणी मिळत नव्हते. भिक्षेवर फिरता येणे ही त्यागाची खूण मानली गेली. पण तो त्याग करण्याची मुभा ज्याला स्वीकारले जाते त्यालाच होती. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१९ मध्ये संस्थानातील सार्वजनिक इमारती, धर्मशाळा आणि पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचे हुकूम काढले. गाडगे महाराजांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती सोपवली, ती विद्यार्थ्यांना राहता यावे म्हणून. धर्मशाळेचे दार हा धर्माचाच प्रश्न आहे, हे या दोघांनी कृतीने ठरवले.

विनोबांनी दार उघडण्याची जबाबदारी चालणाऱ्यावरही टाकली. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदान सुरू झाल्यावर ते वर्षानुवर्षे पायी फिरले. अण्वस्त्रांविरुद्ध जगाच्या राजधान्यांकडे चालत निघालेले सतीश कुमार आणि प्रभाकर मेनन १९६२ मध्ये त्यांचा आशीर्वाद घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी सल्ला दिला की जवळ पैसा ठेवू नका. पैसा असला की माणूस दमून हॉटेलात जातो, खातो आणि झोपतो. नसला की त्याला कोणाच्या तरी घरी जावेच लागते, बोलावे लागते, आपण का निघालो हे सांगावे लागते. सतीश कुमार पूर्वाश्रमीचे जैन मुनी होते, त्यांना हे नवे नव्हते. पाकिस्तानच्या हद्दीवर एका स्नेह्याने अन्नाच्या पुड्या देऊ केल्या तेव्हा त्यांनी त्या घेतल्या नाहीत. त्यांना त्यात अन्न कमी आणि अविश्वास जास्त दिसला. हद्द ओलांडताच एका अनोळखी माणसाने त्यांना घरी नेले. इथे भिक्षेचा अर्थ पालटतो. नाथांना ती सोन्याच्या भयातून सुटका वाटली, रामदासांना माणसांची पारख; विनोबांना ती परक्याच्या उंबरठ्यावर जाण्याची सक्ती वाटली.

आजच्या वारीत यातले बरेच काही एकत्र नांदते. दिंडीत नाव घालणारा वारकरी जेवणासाठी भिशी भरतो, सामान ट्रकमधून पुढे जाते, राहुट्या आधी उभ्या राहतात. म्हणजे खर्च थोडा असला तरी तो ज्याचा त्याने उचललेला असतो. त्याच वाटेवर गावेच्या गावे झुणका-भाकरी, केळी, चहा घेऊन उभी असतात, आणि ते न घेणे हा त्यांना अपमान वाटतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगराच्या वाटेवर अन्नछत्रे चालतात. फुकट जेवण मिळते म्हणून कोणी यात्रेला येतो का, अशी शंका दरवर्षी कोणीतरी काढतो. येतही असेल; पण भुकेलेला यात्रेकरू हा यात्रेकरू नव्हे, असे वनपर्वापासून कोणीच म्हटलेले नाही.

देण्याघेण्याचा सर्वांत नेटका व्यवहार मात्र कागलच्या आसपासच्या रानात होतो. तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातील अक्कोळ येथे १८९२ साली धनगर कुटुंबात जन्मलेले बाळूमामा आयुष्यभर बकरी घेऊन फिरले; १९६६ मध्ये भुदरगड तालुक्यातील आदमापूर येथे त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या बकऱ्यांचे बग्गे आजही गावोगाव फिरतात. बग्ग्याबरोबरचे सेवेकरी वाटखर्चाला पैसा बाळगून निघत नाहीत. ज्याच्या शेतात तळ पडतो तो आणि त्याचे गाव त्यांना भाकरी पुरवते, आरतीला जमते, भंडारा लावते. रात्री बकरी रानात बसतात आणि सकाळी पुढे जातात, तेव्हा शेतात लेंड्यांचे खत पडलेले असते. त्या हंगामात त्या रानाला वेगळे खत विकत आणावे लागत नाही, म्हणून तळ आपल्याकडे पडावा यासाठी शेतकरीच आधी जाऊन विनवणी करतात.